हर्लिंगचा मास्तर : मायकेल क्युसॅक

ह्या लेखाचा नायक आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक असण्याचे कारण नाही. मलाही तो ठाऊक नव्हता. गेल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला सरांनी जेम्स जॉइसच्या 'युलिसिस' ह्या कादंबरीविषयी चार गोष्टी सांगितल्या. त्यात डब्लिन शहरातल्या एका दारूच्या गुत्त्यात बसून मोठमोठ्याने देशाभिमानाच्या गप्पा मारणाऱ्या आणि शेवटी बिस्किटाचा डबा फेकून मारणाऱ्या एका इसमाचा उल्लेख आला. हे पात्र एका खऱ्याखुऱ्या शाळामास्तरावरून घेतलेले आहे, एवढेच बोलून सर पुढे गेले. परीक्षेच्या दृष्टीने त्याचे महत्त्व नव्हते. पण मास्तर आणि गुत्ता ही जोडी माझ्या डोक्यातून जाईना. ग्रंथालयात जाऊन मी शोध घेतला आणि त्या मास्तराचा बाप दुसऱ्याची गुरे राखीत होता, असे वाचले, तेव्हा माझे कुतूहल निराळ्याच प्रकारचे झाले. माझे वडीलही तेच काम करतात.

ह्या मास्तराचे नाव मायकेल क्युसॅक. थोरामोठ्यांविषयी आदरार्थी अनेकवचनात लिहावे असे आम्हांला शाळेत शिकवले आहे, आणि पहिल्या मसुद्यात मी तसे लिहिलेही होते. पण तो माणूस त्या 'ते'मध्ये मावेना. म्हणून पुढे त्याला मी 'तो' म्हटले आहे. वाचकांनी राग मानू नये.

आधी त्या खेळाविषयी थोडे सांगितले पाहिजे. हर्लिंग हा आयर्लंडचा फार जुना खेळ. हॉकीसारखी काठी असते, पण तिचे टोक रुंद आणि चपटे. ती ॲश नावाच्या झाडाच्या बुंध्याजवळच्या लाकडाची करतात, कारण तिथे लाकडाची शीर मुळाकडे आपसूक वळलेली असते. आयरिश भाषेत ह्या काठीला 'कमॉन' म्हणतात. चेंडू लहान, कातड्याचा आणि टणक. हॉकीत चेंडू उंच उडाला तर पंच शिट्टी फुंकतो. इथे चेंडू बहुतेक वेळ हवेतच असतो. काठीने तो उचलावा, हातात झेलावा, काठीच्या टोकावर तोलून धरून पळत सुटावे आणि ऐंशी-नव्वद यार्डांवरून हाणावा. आडव्या दांड्याखालून गेला तर तीन गुण, वरून गेला तर एक. एका बाजूला पंधरा गडी. मी मोबाइलवर पहिल्यांदा एक सामना पाहिला तेव्हा विटीदांडू, हुतुतू आणि मारामारी ही तिन्ही एकाच मैदानात चालू आहेत असे मला वाटले. २०१८ साली युनेस्कोने ह्या खेळाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. पण १८८० च्या सुमारास तो बहुतेक मरणपंथाला लागला होता. तो कसा वाचला, ही क्युसॅकची कथा.

आयर्लंडच्या पश्चिमेला क्लेअर नावाचा परगणा आहे. त्याच्या उत्तरेला बरन नावाचा प्रदेश. मैलोन्‌मैल करडा चुनखडीचा खडक, फरशा अंथरल्यासारखा, आणि खडकाच्या फटींतून उगवलेले गवत. त्या प्रदेशाच्या पूर्वेकडच्या कॅरन ह्या गावी २० सप्टेंबर १८४७ रोजी मायकेलचा जन्म झाला. बाप मॅथ्यू क्युसॅक गुराखी होता. घरात आयरिश भाषा बोलत.

१८४७ ह्या सालाला आयरिश लोक काळे सत्तेचाळीस म्हणतात. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडू लागला होता. गरिबांचे सारे खाणे बटाट्यावर अवलंबून होते. ह्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक माणसे बोटींत बसून देश सोडून गेली. धान्य मात्र ह्या काळातही आयर्लंडातून बाहेर जातच होते. आपल्याकडच्या १८७६-७७ च्या दुष्काळाविषयी आम्ही इतिहासात जे शिकलो, त्याची ही आधीची आवृत्तीच म्हणायची. राज्यकर्तेही तेच होते.

दुष्काळाने माणसे गेली तशी माणसांच्या सवयीही गेल्या. पूर्वी गावेच्या गावे हर्लिंग खेळत, जमीनदार आपापले संघ उभे करून पैजा लावीत. पुढे जमीनदारांचे लक्ष उडाले, पाद्री आणि मॅजिस्ट्रेट लोकांना हा धांगडधिंगा वाटू लागला, आणि दुष्काळाने खेळायला तरुण पोरेच फारशी ठेवली नाहीत. काही मोजक्या भागांत खेळ टिकून राहिला, एवढेच. भाषेचेही तसेच. सरकारी शाळांत सारे इंग्रजीतून चाले. ज्याला पुढे यायचे होते त्याने आयरिश विसरावी, अशी आईबापांचीच समजूत झाली होती. त्यांना दोष कसा द्यावा? इंग्रजी आली तर नोकरी आणि इंग्रजी आली तरच अमेरिका.

गुराख्याचा हा मुलगा हुशार निघाला. तो शिक्षक होण्याचे शिक्षण घेऊन १८६६ साली गॉल्वे परगण्यातल्या लॉक कुट्रा येथील शाळेवर लागला. तेव्हा त्याचे वय एकोणीसही नव्हते. मी आज एकोणीस वर्षांचा आहे आणि अजून वडिलांच्या पैशावर शिकतो, हे इथे लिहिण्याची गरज नव्हती, पण लिहिले. पाच वर्षांनी तो उत्तरेकडे न्यूरी येथील सेंट कोलमन्स कॉलेजात शिकवायला गेला. त्या मुक्कामात मार्गारेट वुड्स ह्या मुलीशी त्याची ओळख झाली आणि १८७६ मध्ये त्यांचे लग्न झाले. मधल्या काळात डब्लिनजवळचे ब्लॅकरॉक, किल्केनी, क्लाँगोज वुड अशा नामांकित विद्यालयांतून त्याने नोकऱ्या केल्या. मोठ्या घरची मुले तिथे शिकत. तिथल्या मैदानांवर क्रिकेट आणि रग्बी चाले. गुराख्याचा मुलगा त्यात रमला.

ही गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण पुढे क्युसॅकचे जे चित्र रंगवले गेले त्यात ती पुसली गेली आहे. त्याला जन्मापासून परकीय खेळांचा द्वेष होता, असे मुळीच नाही. तो रग्बी खेळे आणि त्याची हौस एवढी की स्वतःच्या संस्थेचा रग्बी संघ त्याने काढला होता. क्रिकेट त्याला आवडे, आणि क्रिकेट गावोगाव पोचावे असेही १८८२ पर्यंत त्याचे म्हणणे होते. शरीराने तो धिप्पाड होता. गोळाफेकीत त्याचे नाव होते.

१८७७ साली त्याने नोकरी सोडली आणि डब्लिनमध्ये स्वतःची शिकवणी काढली. लवकरच ती गार्डिनर प्लेस ह्या रस्त्यावर स्थिरावली. सरकारी नोकरीच्या, पोलीस अधिकाऱ्याच्या, लष्कराच्या आणि विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षांना बसणाऱ्या मुलांची तो तयारी करून घेई. आपल्या जिल्ह्याच्या गावी बसस्टँडच्या मागे स्पर्धापरीक्षांच्या क्लासच्या पाट्या दिसतात, त्यातलाच हा प्रकार. माझ्या खोलीवरचे दोघे मित्र अशाच क्लासला जातात, म्हणून मला चटकन उमगले. क्युसॅकचा क्लास जोरात चालला. हातात पैसा आला. राणीच्या राज्यासाठी कारकून आणि फौजदार तयार करून देणारा हा मास्तर. त्याचे पुढचे कार्य लक्षात घेता ह्यात विसंगती दिसते खरी. पण आयर्लंडात गरिबाच्या हुशार मुलाला दुसरी वाट कोणती होती? मला ती विसंगती वाटत नाही, परिस्थिती वाटते.

मग त्याचे मन कशाने फिरले? दोन गोष्टींनी, असे मला वाटते.

एक म्हणजे धावण्या-फेकण्याच्या शर्यतींतले वातावरण. त्या काळी अशा शर्यतींची सूत्रे शहरातल्या सभ्य मंडळींच्या हाती होती आणि इंग्लंडातून आलेले हौशीपणाचे नियम त्यांनी उचलले होते. त्या नियमांचा रोख असा की कारागीर आणि मजूर ह्यांनी सभ्य गृहस्थांच्या बरोबरीने धावू नये. शिवाय शर्यती शनिवारी. रविवार हा देवाचा वार, त्या दिवशी खेळ नाही. आता मजुराला सुट्टी मिळणार रविवारीच. म्हणजे नियमात नाव न घेताही त्याला बाहेर ठेवण्याची सोय झाली. खेड्यापाड्यांत उंच उडी, गोळा, हातोडा ह्यांत तरबेज असलेली पोरे होती, पण ती शर्यतीच्या दोरीबाहेर उभी राहून पाहात. क्युसॅक दोरीच्या आत होता आणि बाहेरच्यांच्या जातीचा होता. दोरीबाहेर उभे राहणे म्हणजे काय, हे आमच्यापैकी पुष्कळांना समजावून सांगावे लागणार नाही. मी अकरावीत असताना एका मैदानावर निवडचाचणीला गेलो होतो, तिथे पांढरी पँट आणि बूट नसलेल्यांना वेगळे बसवले होते. आम्हांला कोणी नको म्हटले नाही. फक्त संध्याकाळपर्यंत नाव पुकारले नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. १८८० नंतर आयरिश भाषेच्या जतनासाठी डब्लिनमध्ये जी मंडळी जमत होती त्यांत क्युसॅक शिरला. गेलिक युनियन ह्या संस्थेत तो काम करू लागला. मातृभाषा ही परीक्षेत मार्क न देणारी वस्तू आहे, असे ज्याने आयुष्यभर पाहिले, त्याच माणसाने ती पुन्हा शिकवायला घेतली. भाषेपासून खेळाकडे जायला फार अंतर नव्हते.

डब्लिनमध्ये त्या वेळी ट्रिनिटी कॉलेजचे विद्यार्थी 'हर्ली' नावाचा एक खेळ खेळत. तो हर्लिंगचा सुधारून, विंचरून, पावडर लावून आणलेला अवतार होता आणि तो बराचसा हॉकीकडे झुकला होता. १८८२ च्या अखेरीस क्युसॅकने काही लोकांना धरून डब्लिन हर्लिंग क्लब काढला. त्यात ही हर्लीवाली मंडळीही होती. प्रत्येकाची ओढ आपापल्या खेळाकडे. काही महिन्यांत क्लब बसला. मग क्युसॅकने आपल्या शिकवणीतलीच पोरे घेतली, हाती काठ्या दिल्या आणि शनिवारी फिनिक्स पार्कच्या विस्तीर्ण मैदानात त्यांना खेळवू लागला. हळूहळू बाहेरचे येऊन मिळाले आणि डिसेंबर १८८३ मध्ये मेट्रोपॉलिटन हर्लिंग क्लब स्थापन झाला. खेड्यातून शहरात कामाला आलेली माणसे त्यात होती. लहानपणी आपल्या शेतात ज्यांनी काठी धरली होती, त्यांच्या हातांना ती ओळखू आली असणार.

एका शहरातल्या ह्या एका क्लबाची कथा इथेच संपली असती तर त्यावर लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. पण एप्रिल १८८४ मध्ये ईस्टरच्या सोमवारी हा क्लब गॉल्वेमधील बॅलिनस्लो ह्या बाजारगावी सामना खेळायला गेला. समोर किलिमोर गावचा क्लब. किलिमोरची माणसे पिढ्यान्‌पिढ्या हर्लिंग खेळत आलेली, त्यांनी १८६९ सालीच आपले लेखी नियम केलेले. मेट्रोपॉलिटनचे नियम डब्लिनमध्ये बसून केलेले. जत्रेच्या मैदानावर तोबा गर्दी झाली. चेंडू टाकला आणि थोड्याच वेळात दोन्ही बाजूंना कळून चुकले की आपण एकच खेळ खेळत नाही. किलिमोरकरांची धसमुसळी चाल शहरवाल्यांना झेपेना, शहरवाल्यांचे नियम किलिमोरकरांना कळेनात. सामना पुरा झालाच नाही. मध्येच मोडला.

हे वाचताना मला हसू आले. आमच्या गावचा आणि शेजारच्या गावचा हुतुतूचा सामना यात्रेत असाच मोडत असे. आमच्याकडे बाद झालेला गडी पुन्हा आत घेत, त्यांच्याकडे बाद तो बाद. त्यावरून डोकी फुटली आहेत. खेळ एक, नाव एक, आणि पाच मैलांवर कायदा निराळा.

क्युसॅक मात्र बॅलिनस्लोहून हसत परत आला नसावा. आपला मोडलेला सामना हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा सामना ठरला, असे मी म्हणेन. क्लब काढून भागणार नाही, सबंध देशाचा मिळून एक कायदा हवा आणि तो कायदा चालवणारी एक संस्था हवी, हे त्या जत्रेच्या मैदानावर सिद्ध झाले. त्या ऑगस्टमध्ये तो लॉख्रे येथे बिशप डगन ह्यांना भेटला आणि संस्थेचे आश्रयदाते व्हावे अशी विनंती केली. बिशप म्हातारे आणि आजारी होते. त्यांनी कॅशेलचे आर्चबिशप क्रोक ह्यांचे नाव सुचवले. ११ ऑक्टोबर १८८४ रोजी क्युसॅकचा आयरिश खेळांविषयीचा लेख 'युनायटेड आयर्लंड' ह्या वर्तमानपत्रात छापून आला. लेखात त्याने हात राखून काही लिहिले नाही. आयरिश लोकांच्या खेळांचा कारभार आयरिश लोकांनी आपल्या हाती घ्यावा, असे त्याचे सांगणे होते. आठवड्याभरात मॉरिस डॅव्हिनने त्याला जाहीर पाठिंबा दिला. डॅव्हिन हा टिपरेरीतला शेतकरी, हातोडा आणि गोळा फेकण्यात अव्वल गणलेला. त्याच्या नावामुळे ह्या हाकेला वजन आले.

१ नोव्हेंबर १८८४, शनिवार. टिपरेरी परगण्यातल्या थर्लस गावी हेज हॉटेलातली बिलियर्डची खोली. देशभरातल्या लोकांना निमंत्रणे गेली होती. आले किती? नोंद आहे ती सात जणांची. आणखी काही जण होते असेही म्हणतात, पण मोठी सभा काही झाली नाही. क्युसॅक, डॅव्हिन, जॉन वाइज पॉवर आणि जॉन मॅके हे दोघे पत्रकार, जे. के. ब्रॅकन हा दगडकामाचा ठेकेदार, जोसेफ ओ'रायन हा वकील, आणि सातवा टॉमस सेंट जॉर्ज मॅकार्थी. हा मॅकार्थी चक्क पोलीस खात्यातला अधिकारी होता. क्युसॅकच्या शिकवणीतूनच तो खात्याच्या परीक्षेत पहिला आला होता. मास्तराने बोलावले म्हणून विद्यार्थी आला, असेच मी समजतो. ह्या सभेत गेलिक ॲथलेटिक असोसिएशनची स्थापना झाली. डॅव्हिन अध्यक्ष झाला. क्युसॅक, पॉवर आणि मॅके चिटणीस झाले. आर्चबिशप क्रोक, चार्ल्स पार्नेल आणि मायकेल डेव्हिट हे तिघे आश्रयदाते झाले. एक धर्मगुरू, एक पार्लमेंटातला पुढारी आणि एक कुळांच्या चळवळीचा नेता. ही निवड किती विचारपूर्वक होती ते पाहा. आयर्लंडात ह्या तिघांच्या शब्दाबाहेर राहील असे खेडे क्वचितच असेल.

१८८५ च्या जानेवारीत डॅव्हिनने तयार केलेले नियम मंजूर झाले. प्रत्येक बाजूला एकवीस गडी, मैदानाची लांबी-रुंदी, खांबांतले अंतर, सारे ठरले. सामने रविवारी. शर्यतीच्या दोरीबाहेरचा मजूर आत आला. संस्था वणव्यासारखी पसरली. गावागावात क्लब निघाले, बहुधा चर्चच्या गावकीपरत्वे एक क्लब, आणि गावाचा सारा अभिमान त्या क्लबाच्या सदऱ्यात उतरला. शहरातल्या सभ्य मंडळींनी १८८५ च्या फेब्रुवारीत आपली निराळी संस्था काढली. दोघांत बहिष्काराचे युद्ध जुंपले. त्या जूनमध्ये ट्राली गावी एकाच दिवशी दोन्ही संस्थांच्या शर्यती झाल्या आणि गर्दी गेलिकवाल्यांकडे लोटली. १८८६ च्या फेब्रुवारीत फिनिक्स पार्कमध्ये, जिथे क्युसॅक आपल्या चार पोरांना घेऊन चेंडू मारीत असे, तिथे उत्तर टिपरेरी आणि दक्षिण गॉल्वे हा सामना झाला. दोन वर्षे आणि काही महिने एवढ्यात ही मजल गाठली.

इथपर्यंतची कथा कोणाही थोर पुरुषाच्या चरित्रात शोभेल. ह्यापुढची मला जास्त महत्त्वाची वाटते.

क्युसॅक हा चळवळ पेटवणारा माणूस होता, ती चालवणारा नव्हता. आलेल्या पत्रांचे ढीग पडून राहात. उत्तरे जात नसत. क्लबांच्या वर्गण्यांचे हिशेब धड नव्हते. त्यातून लेखणी अशी तिखट की विरोधकांइतकेच मित्रही घायाळ होत. पाहता पाहता त्याने एका मोठ्या वर्तमानपत्राशी भांडण घेतले. त्या वर्तमानपत्राची बाजू आर्चबिशप क्रोक ह्यांनी घेतली, तेव्हा त्याने प्रत्यक्ष आश्रयदात्यालाच अवमानकारक पत्र पाठवले. क्रोक संस्था सोडायला निघाले. क्युसॅकला माफी मागावी लागली. पण व्हायचे ते झाले होते. जुलै १८८६ मध्ये त्याच थर्लस गावी सभा भरली आणि त्याच्यावर आरोपांची यादी वाचली गेली. मतदान झाले. संस्थेच्या जन्मदात्याला चिटणीसपदावरून काढून टाकले. बिलियर्डच्या खोलीतल्या त्या दुपारनंतर वीस महिन्यांनी.

अन्याय झाला का? चरित्रकार हळहळतात. मी पुष्कळ विचार केला आणि मला वाटते, ज्यांनी त्याला काढले त्यांचे चुकले नाही. शेकड्यांनी क्लब झाल्यावर पत्राला उत्तर मिळत नसेल तर तो क्लब बंद पडतो. त्यात खेळणाऱ्या पोराला क्युसॅकचा मोठेपणा काय चाटायचा आहे? आणि तरी ती सभा डोळ्यांपुढे आणली की घशात काहीतरी अडकते. वाइज पॉवर आणि मॅके काही गावोगाव भटकले नव्हते. बॅलिनस्लोच्या मैदानावर फजिती झाली ती क्युसॅकची. सात माणसे जमली म्हणून घरी परत न जाणारा तो होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांची बेरीज मला करता येत नाही.

१८८७ च्या जानेवारीत त्याने 'सेल्टिक टाइम्स' नावाचे साप्ताहिक काढले. खेळ, भाषा, मजुरांचे प्रश्न, आणि आपल्याला काढणाऱ्यांवर कोरडे, असा त्यात मजकूर असे. वर्षभराने ते बंद पडले. तिकडे संस्थेत क्रांतिकारकांच्या गुप्त संघटनेचे लोक शिरले होते, त्यांची आणि पाद्र्यांची ओढाताण चालू होती. त्या धामधुमीतच पहिली अखिल आयर्लंड स्पर्धा झाली. १८८७ ची म्हणून ओळखली जाणारी ही स्पर्धा संपायला १ एप्रिल १८८८ उजाडला. बर गावच्या मैदानावर अंतिम सामना झाला. त्यात टिपरेरीतर्फे थर्लसचा गावक्लब आणि गॉल्वेतर्फे मीलिकचा गावक्लब खेळले. थर्लस जिंकले. परगण्याच्या नावाखाली गावचाच क्लब उतरवण्याची ती रीत पुढे बरीच वर्षे चालली.

क्युसॅकची शिकवणी खेळाच्या मागे धावताना ढासळली. फी देणारी मुले कमी झाली. १८९० साली मार्गारेट क्षयाने वारली. मुलांची पांगापांग झाली. माणूस पन्नाशीला येण्याआधीच उतरणीला लागला. मुळात तापट, त्यात एकाकी, आणि दारूची सोबत. लांब कोट, मोठी टोपी, पसरलेली दाढी, हातात काट्याच्या झाडाचा सोटा, अशा वेशात तो डब्लिनच्या रस्त्यांतून फिरे आणि आयरिशमधून लोकांना हाका मारी. तरुण जॉइसने त्याला पाहिले ते ह्या रूपात. १९०१ मध्ये क्युसॅकने पुन्हा एकदा संस्थेच्या चिटणीसपदासाठी निवडणूक लढवली आणि थोडक्या मतांनी हरला. ह्या पराभवाविषयी कोठे फारसे लिहिलेले नसते. मला मात्र १८८६ पेक्षा तोच अधिक लागला. चौपन्न वर्षांचा म्हातारा गृहस्थ आपणच बांधलेल्या घराच्या दारात उभा राहून आत घ्या म्हणतो आहे!

१९०६ च्या नोव्हेंबरात तो डब्लिनमध्ये मरण पावला. ग्लासनेव्हिनच्या दफनभूमीत त्याला पुरले. 'युलिसिस' १९२२ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून जगातले इंग्रजी वाचणारे लोक त्याला गुत्त्यातला भांडखोर म्हणून ओळखतात. जॉइस मोठा लेखक आहे, त्याविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण त्याने त्या माणसाची शेवटची काही वर्षे पाहिली आणि तेवढीच छापली. गार्डिनर प्लेसच्या वर्गात हातात खडू घेतलेला मास्तर त्याने पाहिलेला नव्हता.

संस्थेला पुढे आठवण झाली. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानात आज ८२ हजारांच्या वर प्रेक्षक बसतात. खेळाडूंना अजूनही पगार नाही. शिक्षक, शेतकरी, विद्यार्थी खेळतात आणि सोमवारी कामावर जातात. ह्या मैदानाच्या एका सज्जाला १९३८ पासून क्युसॅकचे नाव आहे. मैदानाला मात्र नाव क्रोक ह्यांचे, ज्यांना त्याने रागाच्या भरात पत्र लिहिले होते. आणखी एक गोष्ट. त्याच संस्थेने पुढे नियम केला की जो रग्बी किंवा क्रिकेट खेळेल त्याला गेलिक खेळात मज्जाव. हा नियम १९७१ पर्यंत होता. पोलिसांनाही बंदी होती, ती २००१ साली उठली. म्हणजे रग्बी खेळणारा क्युसॅक आणि फौजदार मॅकार्थी हे दोघेही त्या खोलीतून बाहेर काढले गेले असते. मॅकार्थी १९४३ साली वारला. त्याच्या थडग्यावर नाव नव्हते. संस्थेने २००९ मध्ये तिथे दगड बसवला.

कॅरन गावातले क्युसॅकचे घर आता नीट करून ठेवले आहे आणि लोक ते पाहायला जातात.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा मी हे सारे वडिलांना सांगितले. संस्था, सभा, मतदान ह्यांत त्यांना फारसे स्वारस्य दिसले नाही. बापाची गुरे कुठे चरत, असे त्यांनी विचारले. मी सांगितले की बरनमध्ये उलटी रीत आहे, उन्हाळ्यात गुरे खाली ठेवतात आणि हिवाळ्यात वर डोंगरावर नेतात. खडक चुनखडीचा, दिवसभराचे ऊन धरून ठेवतो, त्यामुळे थंडीतही वर गवत राहते आणि झऱ्यांना पाणी असते. वडील थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले की खडकावरचे गवत आखूड असते पण गुराला लागते, आणि गोठ्याकडे निघून गेले.